कानाला हात

परवा नातीच्या शाळेत 'पॅरेंट्स मीट' होती. मुलगा बँकेत, सूनबाई ड्युटीवर, म्हणून मी गेलो. नात साडेतीन वर्षांची. मॅडमनी वही पुढं केली. एक ते पन्नास आकडे, त्याखाली ए ते झेड, मग पुन्हा एक ते पन्नास. मॅडम नम्रपणे म्हणाल्या, "आजोबा, रायटिंग स्पीड कमी पडतोय. घरी रोज दोन पानं घ्या. पुढं जड जाईल."

मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. रायटिंग स्पीड हा शब्द दहावीच्या पोरांसाठी ऐकला होता. साडेतीन वर्षांच्या लेकराला लागू झालेला पहिल्यांदाच ऐकला. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे एका शाळेचं नाही. नांदेडात घ्या, लातुरात घ्या, उदगीर, देगलूर, मुखेड, अहमदपूर, जिथं जिथं पिवळी व्हॅन फिरते तिथं हेच आहे. आणि त्या मॅडमही वाईट नाहीत. निघताना हळूच म्हणाल्या, "सर, आम्ही नाही लिहून घेतलं तर पालकच विचारतात, फी कशाची घेता?"

घरी आल्यापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. एवढी घाई आपल्याला कधीपासून झाली? इतिहास हा माझा आवडता विषय, म्हणून जरा मागं जाऊन बघितलं. पोस्ट लांबली आहे. सवडीनं वाचा. विषयच सवडीचा आहे.

आमच्या वेळची प्रवेश परीक्षा

माझी शाळा सुरू झाली १९६३ साली, औसा तालुक्यात. मायनं हाताला धरून नेलं. गुरुजींनी नाव विचारलं नाही, रंग विचारले नाहीत. म्हणाले, "उजवा हात डोक्यावरून घाल आणि डावा कान धर." माझी बोटं कानाच्या वर दोन बोटांवर थांबली. गुरुजी मायला म्हणाले, "पुढच्या वर्षी आणा. लेकरू अजून कच्चं हाय." आम्ही परत. वर्षभर मी बांधावर, गोठ्यात, आजीच्या मागं मागं. पुढच्या जूनला हात कानाला लागला आणि नाव पटावर चढलं. जन्मतारीख गुरुजींनीच टाकली, १ जून. अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस त्या दिवशी असतो ते असंच.

या कान धरण्याला आपण गावंढळपणा म्हणून हसतो. पण त्यात शहाणपण होतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि हात आखूड असतात. सहाच्या आसपास हात लांबतात, तेव्हा कुठं बोटं पलीकडच्या कानाला पोचतात. जगात इतर देशांतही शाळेचं वय ओळखायला ही खूण वापरलेली आहे. जन्मदाखला नसलेल्या गावात लेकराचं शरीरच सांगायचं की आता मी तयार आहे. कुणी नापास होत नव्हतं. फक्त थांबायचं होतं.

त्याच्याही आधी रीत होती. दसऱ्याला पाटीपूजन व्हायचं, श्रीगणेशा गिरवायचा, आणि धूळपाटीवर बोटानं अक्षर काढायचं. चुकलं तर हात फिरवला की पुसलं. नांदेडच्या मुसलमान घरांत आजही 'बिस्मिल्ला'चा विधी आहे, लेकरू चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की पहिलं अक्षर. दोन्हीकडं अक्षराची सुरुवात हा सण होता. आणि सणाला दिवस ठरलेला असतो, त्याच्या आधी कुणी घाई करत नाही.

आता म्हणाल, मास्तर जुन्याचं गुणगान गाताय. नाही. त्या रीतीत किती जणांच्या हातात धूळपाटी आली? ज्या वाड्यात पंतोजी, त्या वाड्यातल्या पोरांच्या. गावकुसाबाहेरच्या लेकरांना थांबायला सांगणारंसुद्धा कुणी नव्हतं, कारण त्यांना बोलावलंच नव्हतं. पोरींचं तर नावच नको. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पण लेकराचं शरीर बघून थांबायची जी अक्कल होती, ती मात्र आपण हरवली.

आपली घाई आली कुठून

मराठवाड्याची घाई समजून घ्यायची तर निजामाच्या राज्यात जावं लागतं. आपला भाग हैदराबाद संस्थानात. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी. म्हणूनच १९२१ साली हिप्परग्यात निघालेल्या राष्ट्रीय शाळेचं नाव आपण आदरानं घेतो. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला आले, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरीत गेले. मुक्तिलढ्यातली कितीतरी माणसं असल्याच शाळांतून घडली. आपल्याकडं शाळा म्हणजे नुसतं शिक्षण नव्हतं, स्वातंत्र्याची आघाडी होती.

माझा बाप रझाकाराच्या सालात दुसरीतून सुटला, तो कायमचा. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो तेव्हा शंभरात जेमतेम दहाएक माणसांना लिहिता-वाचता येत होतं. मग धावणं सुरू झालं. १९५० ला नांदेडला पीपल्स कॉलेज. १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ. १९७० ला लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष हा शब्द रूढ केला, आणि आपण मागं आहोत हे आकड्यांनिशी कागदावर आलं. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामीजींच्या नावानं स्वतंत्र विद्यापीठ झालं. शाहू महाविद्यालय उभं करणारे डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू.

याच काळात लातूर पॅटर्न घडला. ज्यांनी बघितला नाही त्यांना वाटतं ही घोकंपट्टी. मी जवळून बघितलाय. बारावीची पोरं, प्राध्यापक सुट्टीच्या दिवशीही हजर, जादा तास, सराव परीक्षेवर सराव परीक्षा, प्रत्येक पेपर तपासून पोराच्या हातात, चूक कुठं झाली ते समजावून. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईची मक्तेदारी होती, तिथं कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं झळकायला लागली. माझ्या शाळेतून गेलेली दोन पोरं आज डॉक्टर आहेत, त्यांच्या घरात त्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं. मी त्या पॅटर्नला नावं ठेवणार नाही. ठेवली तर ते पाप होईल.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तो पॅटर्न सतरा वर्षांच्या पोरासाठी होता. त्याला डॉक्टर व्हायचंय हे त्याला कळत होतं. त्याची बोटं, डोळे, कंबर, मन सगळं तासन्‌तास बसायला तयार होतं. पुढं काय झालं? बारावीचं अकरावीला आलं. अकरावीचं दहावीला. मग आठवीला 'फाउंडेशन', मग सहावीला. लातूरच्या ट्यूशन एरियातून, नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरातून फिरा, पाट्या वाचा. आणि आता ती घाई उतरत उतरत साडेतीन वर्षांच्या लेकराच्या वहीत 'रायटिंग स्पीड' होऊन बसली आहे. चांगलं औषध, पण माप मोठ्या माणसाचं आणि पाजलं तान्ह्याला.

आपली घाई लोभापोटी नाही, हे मला मान्य आहे. ती भीतीपोटी आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दार बंद होतं, त्यांना दार उघडल्यावर चालत जा म्हणणं सोपं नाही. तो धावणारच. म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण धावताना लेकराचा हात खांद्यातून निखळतोय का, एवढं तरी बघायला पाहिजे.

'केजी' म्हणजे बाग

ज्याला आपण केजी म्हणतो त्याचा मूळ शब्द 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या माणसानं १८३७ साली लहान मुलांसाठी खेळाचं ठिकाण काढलं आणि पुढं त्याला हे नाव दिलं. गाणी, ठोकळे, खरीखुरी बागकाम. प्रशियाच्या सरकारला त्याची एवढी भीती वाटली की १८५१ ला त्यावर बंदीच घातली. आज आपल्याकडं बंदीची गरज नाही. पाटी बागेची लावायची आणि आत कारखाना चालवायचा, काम भागतं.

आपल्याकडं ही बाग लावणारी माणसं तीन. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका. वकिली सोडून १९२० साली त्यांनी बालमंदिर काढलं. माँटेसोरीबाईंचं वाचून सुरुवात केली, पण रुजवलं आपल्या मातीत, गोष्टी, गाणी, नाटकांत. लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणत. त्यांच्यासोबत काम करायला गेल्या ताराबाई मोडक, मुंबईच्या, पदवीधर. दोघांनी १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३९ ला गिजुभाई गेले. त्याच वर्षी स्वतः मारिया माँटेसोरी भारतात आल्या आणि युद्धामुळं कितीतरी वर्षं इथंच राहिल्या.

ताराबाईंना एक गोष्ट सलत होती. हे बालमंदिर, ही लाकडी साधनं, सगळं महाग. ते शहरातल्या सुखवस्तू लेकरांचं. गावातल्या लेकरांचं काय? म्हणून १९४५ ला त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. अनुताई म्हणजे मोरगावची, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत विधवा, आणि त्यातून उठून शिक्षिका झालेली बाई.

बोर्डीत बालवाडी काढली. पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कुणाला अंगात कपडा नाही. या दोघींनी मग काय केलं? हजेरीची सक्ती केली नाही, आईबापांना बोल लावला नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. अंगणातली बालवाडी, ती अंगणवाडी. गेल्या गेल्या पाटी काढली नाही. आधी लेकरांची तोंडं धुतली, नखं कापली, केस विंचरले. मग गाणी. मग गोष्ट. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या. मोजायचं ते चिंचोक्यांनी, लहान-मोठं समजायचं ते खड्यांनी.

पुढं कोसबाडच्या टेकडीवर वारली लेकरांसाठी त्यांनी विकासवाडी उभी केली. त्यात पाळणाघर, बालवाडी, शाळा एकत्र. म्हणजे धाकटं पाळण्यात आणि मोठं शाळेत, मोठ्याची सुटका झाली. जी पोरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा, गुरं चरतायत तिथंच शिकायचं. आपल्या घड्याळात लेकराला कोंबायचं नाही, लेकराच्या दिवसात आपण जाऊन बसायचं. ताराबाई १९७३ ला गेल्या, अनुताई १९९२ ला. दोघी शेवटपर्यंत त्याच कामात.

मी हे सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. परवा एक मित्र म्हणाला, "मास्तर, हे सावकाश शिकणं वगैरे पैसेवाल्यांचे चोचले. गरिबाला घाई परवडत नाही म्हणू नका, गरिबाला थांबणं परवडत नाही." त्याला मी एवढंच म्हणालो, बोर्डी आणि कोसबाडला कुठले पैसेवाले होते? या देशात सावकाश बालशिक्षण सगळ्यात मनापासून कुणासाठी केलं गेलं असेल तर ते सगळ्यात गरीब लेकरांसाठी. हल्ली विलायतेत 'स्लो पेडॅगॉजी' म्हणून पुस्तकं निघतायत. आपल्याकडं ते चिंचोके मोजत होऊन गेलंय.

तीस सप्टेंबरनंतरचे दिवस

आता माझी स्वतःची एक आठवण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. माझी शाळा त्याच पट्ट्यात. आठवड्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवायची म्हणून आम्ही जमलो. मी तिसरीला होतो, मला वाटलं अभ्यास बुडालाय, भराभर घेतला पाहिजे. पुस्तक उघडलं तर एकही लेकरू वर बघेना.

शेजारच्या शेडमध्ये अंगणवाडीची ताई होती. सातवी शिकलेली, गावातलीच, स्वतःच्या घरातली दोन माणसं गमावलेली. ती काहीच शिकवत नव्हती. लेकरं दगडं रचायची, पाडायची. रचायची, पाडायची. एक जण ओरडायचं "हाललं, हाललं", बाकीचे पळायचे, मग परत येऊन रचायचे. दिवसच्या दिवस हाच खेळ. मी एकदा म्हणालो, "ताई, यांना हे आठवू देऊ नका, दुसरं काहीतरी घ्या." ती म्हणाली, "गुर्जी, त्येंचं झाल्यावर त्येच थांबतील."

आणि थांबले. महिना-दीड महिना झाला असेल, एका दिवशी लेकरांनी दगडाचं घर रचलं आणि पाडलंच नाही. त्यात बाहुली निजवली. त्यानंतर हळूहळू गाणी सुरू झाली, मग चित्रं, मग बाकीचं सगळं. मी डी.एड. केलेला माणूस, पण लहान लेकराला वेळ देणं म्हणजे काय हे मला त्या सातवी शिकलेल्या बाईनं शिकवलं. त्या दिवसापासून मीही वर्गात पहिले दोन आठवडे पुस्तक उघडत नव्हतो. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण नव्हतो उघडत.

मनगटातली हाडं

भावनेचं सोडा, शरीराचं सांगतो. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. एक-एक करून ती घट्ट होत जातात. तीन-चार वर्षांच्या वयात जेमतेम निम्मी तयार व्हायला लागलेली असतात. पूर्ण व्हायला दहा-बारा वर्षं जातात. त्या मनगटाकडून आपण दोन पानं लिहून घेतो. लेकरू पेन्सिल मुठीत आवळतं, बोटं पांढरी पडतात, मग म्हणतो अक्षर खराब.

त्या मनगटाला तयार करायचं तर काय लागतं? कणीक मळणं, शेंगा सोलणं, मातीचे बैल करणं, वाळूत रेघा ओढणं, पाणी एका गडूतून दुसऱ्यात ओतणं, फांदीला लोंबकळणं. आपल्या पोळ्याला लेकरं मातीचे बैल करायची ना, ते लिहिण्याआधीचं लिहिणंच होतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि झोपतानाच्या गोष्टी हे वाचण्याआधीचं वाचणं होतं. आपण त्याला टाइमपास म्हणालो आणि बंद केलं.

कागदावर सगळं आहे

गंमत म्हणजे सरकारी कागद या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहेत. घटनेच्या ४५व्या कलमात मुळात लिहिलं होतं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. खालची वयोमर्यादा नव्हती. म्हणजे तान्हं लेकरूही त्यात होतं. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ चा मूलभूत हक्क झाला आणि सहाच्या आतली लेकरं ४५व्या कलमात मार्गदर्शक तत्त्व म्हणून उरली. हक्क नाही, सरकारनं प्रयत्न करावा एवढंच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तोही सहापासून. तीन ते सहाची लेकरं अशी मधल्या मोकळ्या रानात पडली, आणि मोकळं रान दिसलं की बाजार येतोच.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, ३३ प्रकल्पांनी. आपल्या राज्यात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. ताराबाई-अनुताईंचा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. एवढी मोठी बालशाळा कुणाकडंच नाही.

दप्तराचं ओझं म्हणाल तर लेखक आर. के. नारायण राज्यसभेत त्यावर बोलले, त्यातून पुढं प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली, १९९३ ला अहवाल आला. त्याचं सार एवढंच की ओझं पाठीवरचं नाही, न समजता शिकण्याचं आहे. महाराष्ट्रानं तर बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती घेऊ नयेत म्हणून १९९६ ला कायदाच केला. शिक्षण हक्क कायद्यातही चाळणी परीक्षेला मनाई आहे. २०२० च्या धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला, खेळातून शिकायचं, आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण. म्हणजे गुरुजींचा कान धरायचा नियम दिल्लीला परत पटला.

मग अडलं कुठं? अडलं वेळेवर. लेकराला वेळ द्यायचा तर तो देणाऱ्या बाईकडं वेळ पाहिजे. जाऊन बघा अंगणवाडीत. तीस लेकरं, एक ताई, एक मदतनीस. वजन-उंची घ्या, मोबाईलवर पोषणाची माहिती भरा, आहार वाटा, गरोदर बायांच्या भेटी, लसीकरणाला माणसं गोळा करा, सर्वेक्षण करा. त्यात गोष्ट सांगायची कधी? आणि एवढं करून तिला कर्मचारी म्हणायचं नाही, पगार म्हणायचा नाही, मानधन म्हणायचं. २०२३ च्या डिसेंबरपासून पन्नासवर दिवस या बायांनी राज्यभर संप केला, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्याजवळ जाऊन बसले? मी एक दिवस गेलो होतो. एक दिवस. सांगायला लाज वाटते.

सूनबाईचं म्हणणं

हे सगळं मी घरी जेवताना बोललो. सूनबाई ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, तुमचं सगळं पटतं. पण मी मुखेड तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले. नर्सिंगला नांदेडला आले तेव्हा सहा महिने वर्गात तोंड उघडलं नाही. मुली हसायच्या. माझ्या पोरीवर ती वेळ येऊ देणार नाही मी."

याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. हे दुखणं खरं आहे. आणि तिनं दुसराही प्रश्न विचारला, "तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळा एवढ्या चांगल्या होत्या तर त्या ओस का पडल्या?" त्यालाही नव्हतं. आमच्यातल्याही पुष्कळांनी वेळ दिला नाही, नुसता घालवला. सावकाश शिकवणं आणि न शिकवणं यात फरक आहे, आणि तो फरक आम्ही लोकांना दाखवून देऊ शकलो नाही, हे कबूल केलं पाहिजे.

रात्री मात्र मी तिला एकच विचारलं, "तुला सहा महिने तोंड उघडता आलं नाही ते ए ते झेड येत नव्हतं म्हणून, का बोलायची भीती बसली होती म्हणून?" ती गप्प राहिली. मग म्हणाली, "भीती." मी म्हणालो, मग आपण पोरीला आत्ताच काय शिकवतोय? परवा वही बघितल्याबरोबर ती टेबलाखाली जाऊन बसली होती.

तूर्त आमच्या घरात एवढं ठरलंय. शाळा तीच. पण घरी दोन पानं नाहीत. मी मॅडमना जाऊन सांगणार, लेखी देणार, की आमच्या लेकराला गृहपाठ नको, मागं पडलं तर जबाबदारी आमची. संध्याकाळी मराठीत गोष्ट मी सांगणार, इंग्रजी गाणी तिची आई म्हणणार, दोघी मिळून, हसत. जूनपर्यंत बघायचं. नाहीच जमलं तर दुसरी शाळा शोधायची का, यावर अजून एकमत नाही. मुलगा म्हणतो बघू. बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्हाला काय करता येईल? प्रवेश घ्यायला जाल तेव्हा निकाल आणि इमारत विचारू नका. तीन गोष्टी विचारा. दिवसातून किती वेळ लेकरं उभी असतात, पळतात, मातीत असतात? तीन-चार वर्षांच्या लेकराला लिहायला लावता का? रडणारं लेकरू गप्प होईपर्यंत कुणी त्याच्याजवळ बसतं का? पालक हे विचारायला लागले तर मॅडमनाही बळ येईल. आपणच फी कशाची म्हणून विचारतो, तर आपणच हेही विचारू शकतो.

आणि गावाकडं असाल तर ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय काढा. इमारत, पाणी, संडास, खेळणी हे तर आहेच. पण त्या ताईला रोज दोन तास तरी रजिस्टर-मोबाईल बाजूला ठेवून लेकरांसोबत बसता यावं, असा ठराव घ्या. गावातल्या आज्यांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवा. पोळ्याला माती आणा. त्याला निधी लागत नाही.

काल दुपारी नातीला म्हणालो, "उजवा हात डोक्यावरून घाल बरं, आणि डावा कान धर." तिनं घातला. बोटं कानाच्या वर चांगली चार बोटं थांबली. ती खदखदून हसली, पुन्हा घातला, पुन्हा हसली. अजून दोन-अडीच वर्षं आहेत तिच्याकडं. तिच्या हक्काची.

तेवढ्या वर्षांत आपणच आपल्या घाईबद्दल कानाला हात लावला, तर बरं होईल.

तुमच्या वेळी शाळेत कसं घातलं, कान धरायला लावला होता का, कमेंटमध्ये लिहा. आणि घरात तीन-चार वर्षांचं लेकरू असेल तर आज त्याची वही एकदा उघडून बघा.